जम्बो विमानाची तिसरी खुर्ची



ज्याने आपले अवघे आयुष्य सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदे तालुक्यातील शाळांत, खडू-फळ्याच्या संगतीत घालविले, त्याने जम्बो विमानावर बोलावयास बसावे ह्याचे आपणांपैकी काहींस नवल वाटेल. परंतु ह्या विषयाशी माझी गाठ एका विद्यार्थ्याने घालून दिली. १९८७-८८ च्या सुमारास विज्ञानाच्या तासाला त्याने विचारले, "गुरुजी, जम्बो विमान चालवायला माणसे किती लागतात?" मी वाचले होते तसे सांगितले, "तीन. दोन वैमानिक आणि एक फ्लाइट इंजिनियर." पुढे बारा-तेरा वर्षांनी तोच मुलगा मुंबईस विमानतळावर नोकरीस लागून दिवाळीला गावी आला, आणि पाया पडून झाल्यावर म्हणाला, "गुरुजी, तुमचे उत्तर आता निम्मेच बरोबर आहे. काही जम्बोंत तीन बसतात, काहींत दोन." एकाच नावाच्या आणि बाहेरून जवळजवळ एकसारख्या दिसणाऱ्या यंत्राविषयी दोन्ही उत्तरे खरी कशी, ह्या कोड्याने मला बरेच दिवस वाचावयास लावले.

जम्बो म्हणजे बोइंग ७४७. ते प्रथम ९ फेब्रुवारी १९६९ रोजी उडाले आणि जानेवारी १९७० पासून उतारूंची ने-आण करू लागले. एअर इंडियाचे पहिले जम्बो एप्रिल १९७१ मध्ये मुंबईस सांताक्रूझच्या विमानतळावर उतरले. त्याचे नाव 'एम्परर अशोक'. प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्याच्या झरोक्याप्रमाणे महिरप रंगविली होती, आणि वरच्या मजल्यावर जावयास गोल जिना होता. वैमानिकांच्या कक्षात मात्र महिरपींना जागा नव्हती. तेथे दिवे, तबकड्या व बटणे मिळून तब्बल ९७१ वस्तू होत्या. पुढे दोन वैमानिक. त्यांच्या मागे उजव्या अंगास तिसऱ्या खुर्चीवर इंजिनियर. कोणत्या टाकीतील इंधन कोणत्या एंजिनास द्यावे, वीज किती निर्माण होते, हायड्रॉलिकचा दाब ठीक आहे की नाही, आतील हवेचे मान काय, हे सारे त्याने आपल्या स्वतंत्र फलकावर पाहावयाचे.

ह्याच 'एम्परर अशोक'चा अंत १ जानेवारी १९७८ च्या रात्री झाला. मी तेव्हा नुकताच मॅट्रिक झालो होतो. विमान दुबईस निघाले होते. उड्डाणानंतर दीड-दोन मिनिटांच्या आतच ते वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि आतील २१३ माणसांपैकी एकही वाचले नाही. समुद्रावर मिट्ट काळोख होता. आकाश कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते हे डोळ्यांस दिसण्याजोगे नव्हते. अशा वेळी विमान कोणत्या बाजूस कलले आहे हे सांगणारे एक यंत्र असते, त्यावरच सारी भिस्त. विमान उजवीकडे वळून सरळ झाले, तरी कप्तानासमोरचे यंत्र ते उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिले, आणि ते सावरण्यासाठी कप्तानाने विमान डावीकडे झुकविले ते झुकतच गेले. आपल्याकडील चौकशीचा निष्कर्ष असा की कप्तानाचे यंत्र बिघडले होते, आणि इतर यंत्रांच्या आधारे विमान सावरणे चालकांस साधले नाही. अमेरिकेत सिॲटल येथे चाललेल्या दाव्यात न्यायाधीशांनी १९८५ मध्ये विमान व यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांस दोषमुक्त केले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु मला त्या वृत्तांतातील एकच गोष्ट विसरता येत नाही. चालकांचे बोलणे टिपणाऱ्या यंत्रावरून असे दिसते की, त्या यंत्रावर विसंबू नका, अशा अर्थाची सूचना शेवटच्या क्षणांत मागून आली होती. ती देणारा मनुष्य तिसऱ्या खुर्चीवरचा होता.

आता विमान बनविणाऱ्यांकडे वळू. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि चार एंजिनांचे हे धूड पोसणे कंपन्यांस जड जाऊ लागले. अगदी नवे विमान आखावयाचे म्हणजे अफाट खर्च आणि कित्येक वर्षांचा अवधी. म्हणून जुन्या वाड्याचे जोते तसेच ठेवून वरची मोडतोड करावी, तसा मार्ग धरण्यात आला. प्रथम वरचा मजला लांबविला आणि गोल जिना जाऊन सरळ जिना आला. हा ७४७-३०० नमुना. १९८८ मध्ये आलेले एअर इंडियाचे 'शिवाजी' हे विमान ह्याच जातीचे. परंतु त्यात तिसरी खुर्ची जागच्या जागी होती. मला तर ही रंगसफेदी वाटते. खरे नूतनीकरण पुढच्या ७४७-४०० ह्या नमुन्यात झाले. तो २९ एप्रिल १९८८ रोजी प्रथम उडाला.

त्याच्या पंखांची गोष्ट विद्यार्थ्यांस सांगताना मी प्रकाशे येथील तापीचा दाखला देत असे. होडीचे वल्हे पाण्यात ओढले की त्याच्या टोकाशी भोवरा उठतो आणि नावाड्याचे थोडे बळ त्या भोवऱ्यातच जिरते. विमानाचेही तसेच. पंखाखालची दाबाची हवा टोकावरून वर निसटते, भोवरा होतो आणि इंधन फुकट जाते. म्हणून प्रत्येक पंख सुमारे ६ फूट वाढवून त्याच्या टोकास सुमारे ६ फुटांचा उभा पंखुडा बसविला. पूर्वी ६० मीटरांच्या आत असलेला पंखविस्तार ६४ मीटरांच्या पुढे गेला. शेपटीच्या आडव्या पंखांत साडेबारा हजार लिटर इंधनाची टाकी केली, हलक्या मिश्रधातू वापरल्या, नवी एंजिने लावली. ह्याचा परिणाम असा की १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचे ह्या जातीचे विमान लंडनहून निघून कोठेही न थांबता वीस तासांत सिडनीस पोहोचले. उतारू मात्र त्यात नव्हते. कोऱ्या विमानाची ती पहिली घरवापसी होती.

आणि आत? ९७१ वस्तूंच्या ३६५ झाल्या. तबकड्या जाऊन सहा पडदे आले. एंजिनांवर व यंत्रणांवर नजर ठेवण्याचे इंजिनियरचे काम संगणकाकडे गेले. बिघाड झाला की तो पडद्यावर शब्दांत कळवितो. दोन्ही वैमानिकांसमोरील माहितीही तो ताडून पाहतो आणि तफावत पडल्यास इशारा देतो. तिसरी खुर्ची अशा रीतीने गेली. बदल एवढा मोठा की जुन्या जम्बोचा परवाना असलेल्या वैमानिकासही नव्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागला.

हे सुखासुखी झाले नाही. दोन माणसांवर मोठे विमान सोपवावे काय, ह्यावर अमेरिकेत इतका वाद माजला की राष्ट्राध्यक्षांस एक समिती नेमावी लागली. दोन माणसेही सुरक्षितपणे विमान चालवू शकतात असा निर्णय तिने १९८१ मध्ये दिला. कंपन्यांचा एक पगार वाचला, हे कारण त्यात नव्हते असे मी म्हणणार नाही. पण वांद्र्याची रात्र आठवून मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला आहे. तिसऱ्या मनुष्यास चूक दिसली होती खरी; परंतु ती दिसून, तोंडावाटे निघून, दुसऱ्याच्या कानी जाऊन पटावयास जे क्षण लागले तेवढे त्या विमानापाशी उरले नव्हते. पडद्यावरचा इशारा खुद्द कप्तानाच्या डोळ्यांसमोर उमटतो. त्या बाबतीत मी नव्या नमुन्याच्या पक्षाचा आहे. मात्र संगणक ज्याची तफावत शोधावयास शिकविलेला आहे तीच शोधतो. न सांगता संशय घेणे हा मनुष्याचा गुण, आणि तो घेणारी डोळ्यांची एक जोडी कमी झाली, हेही तितकेच खरे.

एअर इंडियाकडे ७४७-४०० पहिल्याने १९९३ मध्ये आले, 'कोणार्क'. मागाहून आलेल्यांत 'अजंठा' होते, 'व्हेल्हा गोवा' होते, 'आग्रा' होते. 'शिवाजी' तेव्हा चालूच होते, म्हणून मुंबईच्या एकाच धावपट्टीवरून तीन खुर्च्यांची व दोन खुर्च्यांची जम्बो एकामागून एक उडत असत. माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर तेव्हाचे.

बोइंगने ह्याच जोत्यावर आणखी एक मजला चढविला, ७४७-८. परंतु तोवर दोन एंजिनांची विमाने तेवढेच अंतर कमी खर्चात तोडू लागली होती. त्या नमुन्याची अवघी १५५ विमाने झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये शेवटचे, एकंदरीत १५७४ वे, जम्बो गिऱ्हाइकाच्या हवाली करून कारखान्याने काम थांबविले. एअर इंडियाचे 'आग्रा' विकले गेले आणि २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेकडे निघाले. जमीन सोडल्यावर वैमानिकाने त्याचा डावा पंख किंचित झुकवून निरोप दिला. त्याची चित्रफीत माझ्या त्या विद्यार्थ्याने मला पाठविली, खाली लिहिले होते, "गुरुजी, आत दोघेच आहेत."