दूरचा वैद्य आणि जवळचा माणूस

वैद्य दूर आणि रोगी घरीं, ही अडचण कांहीं आजची नव्हे. आणि तींतून तारेनें वाट काढण्याचा खटाटोपही जुनाच आहे. टेलिफोनचा शोध १८७६ सालीं लागला. पुढें तीनच वर्षांनीं, एका डॉक्टरानें लहान मुलाचा खोकला टेलिफोनवरून ऐकून घरच्यांस धीर दिल्याची हकीकत लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रांत छापून आली. १९०५ सालीं हॉलंडांतील लायडन येथें आइंटहोवेन यांनीं इस्पितळांतील रोग्याच्या हृदयाचा विद्युत्-आलेख तारेवरून सुमारें दीड किलोमीटर दूरच्या प्रयोगशाळेंत उमटविला. यंत्र दूरचें ऐकूं व पाहूं लागलें. परंतु रोगी त्याच्यापुढें मोकळेपणानें बोलेल काय, हा प्रश्न मागेंच राहिला.

आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यांत त्या प्रश्नाचें महत्त्व विशेष आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीचें १९४९ सालीं उल्हासनगर झालें. अंबरनाथला कारखान्यांनीं नाना प्रांतींचे कामगार आणले. बदलापूरच्या आसपास ठाकूर व कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. मोठ्या दुखण्यास परळचें के. ई. एम. किंवा भायखळ्याचें जे. जे. गांठावयाचें, तर बदलापुराहून मुंबई ६८ किलोमीटर, आणि भिस्त सारी लोकलवर. १९२० नव्हे, २०२० च्या मार्चमध्यें तीच लोकल बंद झाली. त्याच महिन्याच्या २५ तारखेस केंद्र सरकारनें दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले, आणि १३ एप्रिल रोजीं घरबसल्या सल्ला देणारी ‘ई-संजीवनी’ सेवा सुरू झाली.

या सेवेचीं रूपें दोन. एकांत रोगी स्वतःच्या फोनवरून डॉक्टरशीं बोलतो. दुसऱ्यांत तो जवळच्या आरोग्यकेंद्रांत जातो. तेथील आरोग्यसेविका त्याचा रक्तदाब पाहते आणि शेजारीं बसून दूरच्या डॉक्टरशीं गांठ घालून देते. २०२२ च्या मार्चपर्यंत देशांत झालेल्या ३ कोटी सल्ल्यांपैकीं सुमारें सव्वादोन कोटी या दुसऱ्या प्रकारचे होते. केंद्रांचें मोठें जाळें हें त्याचें एक कारण खरेंच. तथापि एवढ्यानें उलगडा पुरा होत नाहीं. सिंधी आजीबाई किंवा कातकरी माउली पडद्यावरील अनोळखी चेहऱ्यास पोटांतलें दुखणें सांगतांना अडखळते. ओळखीची सेविका शेजारीं असली, तर तिच्या बोलींतला शब्द डॉक्टरपर्यंत नीट पोंचतो. उलट, सेविकेदेखत कांहीं दुखणीं बोलवत नाहींत, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

म्हणून अभ्यासकांनीं केवळ सल्ल्यांची संख्या मोजून समाधान मानूं नये. जें सांगावयास रोगी आला होता, तें त्याला सांगतां आलें काय, आणि दिलेलें औषध त्यानें घेतलें काय, हें विचारावें. तारेनें अंतर तुटतें. विश्वास मात्र माणसानेंच जोडावा लागतो.