पैनगंगेवरचा बट्टा

एखाद्याच्या नावाला बट्टा लागला, असे आपण सहज बोलून जातो. हा शब्द मूळचा सराफकट्ट्यावरचा. नाणे झिजलेले, हिणकस किंवा परमुलखाचे निघाले म्हणजे त्याच्या दर्शनी किमतीतून जी रक्कम कापून घेत तिला बट्टा म्हणत. माणसाच्या अब्रूला तो पुढे लागला. आधी लागला तो रयतेच्या कनवटीला.

पेशवाईत नाण्यांचे प्रकार उदंड होते. पुण्याकडे अंकुशी, नाशिकच्या बाजूस चांदवडी, भोसल्यांच्या राज्यात नागपुरी. वसुलाचा रुपया हाती आला की पोतदार तो वाजवून, कसाला लावून पारखी. ठरलेल्या नाण्याहून तो कमी भरला तर तेवढी तूट रयतेच्या नावे पडे. पारख कशी झाली हे कुणब्याने विचारायचे नसे. 1835 साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला. वजन 180 ग्रेन, त्यात शुद्ध चांदी 165. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्याला कलदार म्हणू लागले. यामुळे बट्ट्याचा जाच पुष्कळ कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. शत्रूचे श्रेय शत्रूला द्यायला आम्ही कचरत नाही.

आमच्या वणी-मारेगावच्या मुलखात मात्र गोष्ट एवढ्यावर मिटली नाही. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगा ही नुसती नदी न राहता दोन चलनांची शीव झाली. अलीकडे कलदार, पलीकडे आदिलाबादेस निजामाचा हाली सिक्का. राजुऱ्यास गेले तरी तेच. निजामाच्या राज्यात 1918 पासून नोटाही स्वतःच्या निघू लागल्या.

आता हिशेब पाहू, कारण सारे मर्म हिशेबात आहे. विसाव्या शतकातील चारमिनारी हाली रुपयात शुद्ध चांदी सुमारे 141 ग्रेन. कलदाराच्या 165 ग्रेनांशी ती ताडून पाहिली म्हणजे सहा कलदारांस सात हाली हे प्रमाण येते, आणि व्यवहारातला ठोकळ भावही तोच होता. शंभर कलदारांस 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. हा भाव फार हलू नये म्हणून निजाम सरकारने वेगळा राखीव निधी ठेवला होता. तेव्हा हाली घेताना सातव्या रुपयाचा जो फरक पडे तो लूट नव्हे. ती चांदीचीच तफावत होती. बट्टा त्याच्या पलीकडचा. ज्याला हा भेद कळला त्याला नाणेवटीचे निम्मे शास्त्र कळले.

समजा, पलीकडे कापूस वेचून एक बाई सात हाली रुपये घेऊन अलीकडे आली. चोख हिशेबाने तिला सहा कलदार मिळावेत. बदलून देणाऱ्याने पाच रुपये चौदा आणे हातावर ठेवले तर दोन आणे त्याची मजुरी झाली, म्हणजे शेकडा दोन रुपयांहून थोडी अधिक. पण तिच्याजवळ सात नसून एकच रुपया असेल तर? एका हालीचे होतात 13 आणे 8 पै आणि वर अर्ध्या पैहून थोडे अधिक. अर्धी पै कोणी मोडून देत नाही. मग 13 आणे म्हटले की व्यवहार संपला, आणि शेकडा पाच गेले! रक्कम जेवढी लहान तेवढा बट्टा जड, हे सोपे गणित आहे. ज्याला भाव चढेपर्यंत थांबता येते तो सावकार. आजच्या बाजारातून मीठमिरची नेायची आहे त्याला थांबता येत नाही.

भारतात विलीन झाल्यावर हैदराबादेत भारतीय रुपया चालू झाला, 1951 पासून तोच मुख्य चलन ठरला, आणि 1959 साली हाली सिक्का कायमचा रद्द झाला. त्याच साली राजुरा चांदा जिल्ह्यास जोडले गेले.

सराफ गेले, सराफी गेली नाही. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणातून आज हजारो तरुण आखाती देशांत मजुरीस जातात. विमानतळावर वा शहरात पैसे बदलून देणाऱ्याच्या दारावर ‘झिरो कमिशन’ अशी पाटी दिसते. पाटी खोटी नसते. कमिशन खरोखर शून्य असते. कमाई असते ती घेण्याच्या आणि देण्याच्या दरांतील अंतरात. आमचे म्हणणे कोणास हेकट वाटेल, म्हणून सरकारचा कायदाच पाहावा. चलनबदलावर जीएसटी आकारताना बँकेचा वा व्यापाऱ्याचा दर आणि जाहीर संदर्भ दर यांतील फरक हेच सेवेचे मोल धरले जाते, आणि त्यावर 18 टक्के कर बसतो. म्हणजे पाटीवर जे शून्य आहे ते सरकारी वहीत शून्य नाही. दोनशे डॉलर घरी धाडण्याचा जगातला सरासरी खर्च जागतिक बँकेच्या अलीकडील पाहण्यांत सहा टक्क्यांच्या वर आहे. 2030 पर्यंत तो तिनाच्या खाली आणण्याचे संयुक्त राष्ट्रांनी ठरविले आहे.

संघटनेच्या कामात पगारपत्रक हाती आले की आम्ही आधी कपातीचा रकाना वाचतो. दंड, उचल, फंड, सारे तिथे लिहिलेले असते व त्यावर भांडता येते. बट्ट्याला रकाना नसतो. म्हणून परदेशी निघालेल्या पोरांना आम्ही एकच सांगतो: फी किती हे विचारू नका, एवढे रियाल देतो, घरी हातात रुपये किती पडतील ते सांगा, असे विचारा. मग त्या दिवसाचा संदर्भ दर काढून वजाबाकी करा. कार्डाने परदेशात खरेदी केली तरी हीच रीत, कारण अनेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के चढवलेले असतात.

हाली रुपये अजून काही घरांत गाठोड्यात सापडतात. सोनाराकडे नेले तर तो तोलून चांदीच्या भावाने घेतो, आणि घट म्हणून थोडे कापतो.