इतिवृत्त आणि रूपांतर : वत्सगुल्माच्या सर्वसेनापासून ‘द टू टॉवर्स’पर्यंत

साहित्यकृतीवरून बेतलेल्या चित्रपटाची चर्चा बहुधा मूळनिष्ठेच्या प्रश्नापाशी येऊन थांबते. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या कादंबरीवर पीटर जॅक्सन यांनी केलेल्या चित्रत्रयीतील मधला भाग, ‘द टू टॉवर्स’, २००२ साली प्रदर्शित झाला तेव्हा हाच वाद विशेष तीव्र झाला. कादंबरीत नसलेले प्रसंग चित्रपटात का आले, असलेले का बदलले आणि रूपांतरकाराला हा अधिकार कोणी दिला, असे त्याचे स्वरूप होते. हे प्रश्न चित्रपटमाध्यमाने निर्माण केले असा समज आहे. भारतीय काव्यशास्त्रात मात्र ते नवव्या शतकातच नेमकेपणाने उपस्थित झाले होते, आणि त्यासाठी दिलेल्या मोजक्या उदाहरणांपैकी एक आजच्या वाशीमच्या राजाने रचलेले काव्य होते.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याचा पुत्र सर्वसेन याने चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात येथे स्वतंत्र शाखा स्थापन केली. या शाखेचे अस्तित्व अभ्यासकांना निश्चितपणे कळले ते सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम येथील ताम्रपटामुळे. १९३९ च्या सुमारास प्रकाशात आलेल्या या ताम्रपटातील वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा तपशील मुख्यतः प्राकृतात आहे. पुढे वा. वि. मिराशी यांनी हा ताम्रपट आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेख यांच्या आधारे शाखेचा इतिहास मांडला. या नगरीचे वाङ्मयीन माहात्म्य राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त रूपककथेच्या द्वारे सांगितले आहे. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा गांधर्वविवाह त्याने वत्सगुल्मातच लावला. ‘कर्पूरमंजरी’त ज्या ‘वच्छोमी’ रीतीचा तो उल्लेख करतो, तिचे नावही याच नगरावरून आलेले आहे.

सर्वसेनाचे ‘हरिविजय’ हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य आज संपूर्ण उपलब्ध नाही. अलंकारशास्त्रकारांनी, त्यातही प्रामुख्याने भोजाने, उद्धृत केलेल्या गाथांमधून त्याचा काही अंश हाती लागतो, व्ही. एम. कुलकर्णी यांनी या गाथांचा साक्षेपाने अभ्यास केला. कुंतकाने सुकुमार मार्गाच्या विवेचनात कालिदासाच्या बरोबरीने सर्वसेनाचे नाव घेतले आहे. काव्याचा विषय पारिजातहरणाचा : रुसलेल्या सत्यभामेच्या अनुनयासाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला.

‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात आनंदवर्धन प्रबंधाच्या रसव्यंजकतेचा विचार करतो. परंपरेने आलेल्या कथेत एखादी स्थिती रसाला प्रतिकूल असेल तर कवीने ती टाकावी आणि रसानुकूल कथाभाग स्वतः कल्पून घालावा, असे त्याचे प्रतिपादन आहे. निव्वळ इतिवृत्त तडीस नेण्याने कवीचे काहीच साधत नाही, कारण ते काम इतिहासग्रंथच करीत असतात. यासाठी तो तीन उदाहरणे देतो : कालिदासाचे प्रबंध, सर्वसेनाचे ‘हरिविजय’ आणि स्वतःचे ‘अर्जुनचरित’. अभिनवगुप्त स्पष्टीकरण करतो की, प्रियेच्या अनुनयाचे अंग म्हणून केलेले पारिजातहरणाचे निरूपण इतिहासग्रंथांत आढळत नाही.

हे विधान आजच्या वाचकाला चकित करणारे आहे. कारण प्रचलित हरिवंशात सत्यभामेच्या रुसव्याचा प्रसंग सविस्तर आहे. परंतु भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने हा विस्तार मूळ संहितेबाहेर काढून परिशिष्टात ठेवला. संहितेतील पारिजाताचा प्रसंग अगदी त्रोटक आहे. विष्णुपुराणात नरकासुरवधानंतर कृष्णासह स्वर्गात गेलेली सत्यभामा तेथेच वृक्षाचा हट्ट धरते. ‘मूळ’ म्हणून जे समोर ठेवले जाते तेही, अशा रीतीने, थराथराने वाढत आलेले असते. मूळनिष्ठेचा आग्रह धरणाऱ्यांना या वस्तुस्थितीची दखल घ्यावीच लागते.

आनंदवर्धनाने दिलेले स्वातंत्र्य निरंकुश मात्र नाही. रामायणासारख्या ज्या कथांचा रस सिद्धच झालेला आहे, त्यांत रसविरोधी स्वेच्छा योजू नये, असे तो बजावतो. कथेच्या मध्यभागाविषयीही त्याची काही सूत्रे आहेत. रसाचे उद्दीपन आणि प्रशमन यथावसर व्हावे; विसावू लागलेल्या अंगी रसाचे पुन्हा अनुसंधान राखावे; आणि संधींची अंगे रसासाठी योजावीत, केवळ शास्त्रपालनासाठी नव्हे. शेवटच्या दोषाचे त्याने दिलेले उदाहरण नाटकाच्या मध्यभागातीलच आहे. ‘वेणीसंहारा’च्या दुसऱ्या अंकातील ‘विलास’ हे प्रतिमुखसंधीचे अंग भट्टनारायणाने केवळ भरताच्या मताचे अनुसरण म्हणून घातले, असा त्याचा आक्षेप आहे.

ही सूत्रे ‘द टू टॉवर्स’ला लावून पाहिली म्हणजे वादाचे स्वरूप बदलते. मुळात टॉल्किन यांची कृती एकसंध कादंबरी होती. १९५४–५५ मध्ये ती तीन खंडांत निघाली ती प्रकाशनव्यवहाराच्या सोयीसाठी. त्यामुळे मधल्या खंडाला स्वतःचा आरंभ नाही आणि शेवटही नाही. त्याच्या पूर्वार्धात अ‍ॅरागॉर्न व त्याच्या सोबत्यांची कथा येते, उत्तरार्धात फ्रोडो आणि सॅम यांची. पूर्वार्धभर फ्रोडो वाचकाला दिसतच नाही. चित्रपटाने ही दोन सूत्रे एकमेकांत गुंफली. हा बदल अंगी रसाच्या अनुसंधानासाठी आहे आणि तो समर्थनीय ठरतो. याउलट लांडग्यांवर स्वार झालेल्या शत्रूंशी झुंजताना अ‍ॅरागॉर्न कड्यावरून कोसळतो आणि मेला असे समजले जाते, हा कल्पित प्रसंग भट्टनारायणाच्या ‘विलासा’च्या जातीचा आहे. पटकथेच्या मध्यावर नायकावर संकट आलेच पाहिजे, या संकेताचे ते पालन होय. नायक लगेच परततो आणि कथा होती तेथेच राहते.

फॅरामिरचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. कादंबरीत तो मुद्रिकेचा मोह सहज नाकारतो. चित्रपटात तो फ्रोडोला बंदी करून ऑस्गिलिअथपर्यंत नेतो आणि मगच सोडतो. एकाने मुद्रिका इतक्या सहजी नाकारली तर तिच्याविषयी उभी केलेली भीती ओसरेल, असे पटकथाकारांचे म्हणणे होते. इतिवृत्तातील रसप्रतिकूल स्थिती टाकण्याचाच हा युक्तिवाद आहे; केवळ ‘कादंबरीत असे नाही’ म्हणून तो खोडून काढता येत नाही. आक्षेप घ्यायचा तर तो रसाच्याच भूमिकेवरून घ्यावा लागेल. कादंबरीतील फॅरामिरचा नकार हे भयाचे प्रशमन आहे. त्या विसाव्यामुळेच पुढच्या अंधाराला धार येते. चित्रपटाने प्रशमनाच्या जागी पुन्हा उद्दीपनच ठेवले. हेल्म्स डीपच्या दीर्घ युद्धाशेजारी आणखी एक संकट आले आणि मध्यभाग सलग उत्तेजनाचा झाला. बिघडले असेल तर ते येथे.

मूळ कृती आणि रूपांतर यांतील फरकांची यादी करणे म्हणजे समीक्षा नव्हे. मिळालेल्या कथेत कोणती उणीव जाणवली, बदलाने ती भरून निघाली काय आणि त्या बदलाची किंमत काय पडली, हे तिने सांगितले पाहिजे. आनंदवर्धनाच्या तीन उदाहरणांपैकी ‘हरिविजय’ आणि ‘अर्जुनचरित’ ही दोन्ही काव्ये आज लुप्त आहेत. सर्वसेनाने काय बदलले हे कळते. तो बदल काव्यभर कसा पेलला हे पडताळता येत नाही. वत्सगुल्माच्या कवीच्या बाबतीत आजचा अभ्यासक आचार्यांच्या निर्णयावर विसंबण्यास बांधलेला आहे. चित्रपट आणि कादंबरी मात्र दोन्ही साद्यंत समोर आहेत. तेथे निर्णयाची जबाबदारी समीक्षेला टाळता येणार नाही.