खरारा, चंदी आणि पावसाळ्याची छावणी: मराठ्यांचा रोडावलेला घोडा पुन्हा कसा सावरत असे?

१/ जालना, परतूर, मंठा हा काळ्या मातीचा मुलूख. येथील ज्वारीचा कडबा आणि हरभरा म्हणजे घोड्याची वैरण आणि चंदी. नोव्हेंबर १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेने जालन्याची पेठ लुटली. परतीच्या वाटेवर संगमनेरजवळ मोगलांशी झुंज झाली, सिधोजी निंबाळकर पडले आणि फौज पट्टागडाच्या आश्रयास पोहोचली.

२/ अशा दौडीची किंमत घोडा आपल्या अंगावर मोजतो. खोगिराखाली पाठ सोलवटते, बरगड्या दिसू लागतात, लव राठ आणि निस्तेज होते. केस मुख्यतः प्रथिनांचे बनतात; उपाशी शरीर आधी हृदयासारखे अत्यावश्यक अवयव जपते, कातडीची पाळी शेवटी येते. म्हणूनच उपासमार अंगावर लवकर दिसते आणि तुकतुकी परतण्यास महिने लागतात.

३/ पहिला उपाय खरारा. लोखंडी दातांच्या या साधनाने मोतद्दार घोड्याचे अंग घासत असे. वाळलेला घाम, धूळ आणि मेलेले केस निघून जात. कातडीतील नैसर्गिक तेल लवेवर पसरे. घासताना हाताखाली जखम, गोचीड, सूजही कळे.

४/ मात्र नुसत्या घासण्याने चकाकी येत नाही. ती पोटातून येते. तेथेही घाई घातक. उपाशी घोड्यापुढे एकदम भरलेला तोबरा धरला, तर पोटशूळ उठतो, खुरांना सूज येऊन तो कायमचा लंगडू शकतो. आधी वैरण, मग थोडी थोडी चंदी, हाच क्रम.

५/ ही निगा व्यक्तीच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. सभासद बखरीनुसार पागेत २५ बारगिरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पावसाळ्यात लष्कर छावणीस परते. तेथे दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेले निवारे आधीच सिद्ध असत. दसऱ्यास फौज पुन्हा बाहेर पडे. मधले चार महिने हाच घोडा सावरण्याचा काळ.

६/ मोगल दरबारही याबाबत सावध होता. ‘आईन-इ-अकबरी’त शाही जनावरांच्या खुराकाचे दर आहेत, जनावर रोडावल्यास संबंधितांना दंडाची तरतूद आहे. कारण उघड होते: रोड घोडा म्हणजे वाटेत कोठेतरी मुरलेली चंदी.

७/ राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागातील छावणीच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र हीच साखळी उलगडते. साठवलेला दाणा-गवत आताच उधळला, तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि तो दोष अधिकाऱ्यांचा असेल. मग लोक रयतेच्या घरात शिरतील, धान्य-भाजी ओढून नेतील. दिव्याची जळती वात उंदराने पळवली, तर गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाव्यापर्यंत हा इशारा जातो.

८/ म्हणजे पागेतील घोड्याची लव आणि कुणब्याच्या घरातील कणगी एकमेकांशी बांधलेल्या होत्या. छावणीतला तोबरा रिकामा राहिला, की त्याची भरपाई गावाने करायची. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टांच्या चपळाईच्या कथा सर्वांना ठाऊक असतात. त्या चपळाईमागे मोतद्दाराचा हात होता आणि कोणा शेतकऱ्याचा हरभराही.