कुत्रा, लॉन आणि युरिया

आता तुम्ही म्हणाल, लॉनला कसला आलाय इतिहास? आहे ना! इंग्लंडमध्ये एके काळी लॉन म्हणजे बड्या जमीनदारांची चैन. गवत कापायला लांब दांड्याचे विळे घेतलेली माणसं लागायची, नाहीतर मेंढ्या. १८३० मध्ये एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना सुचली कापडगिरणीत, कापडावरची लव कापणाऱ्या यंत्रावरून. पुढे हळूहळू लॉन मध्यमवर्गाच्या दारात आलं. आणि दारात कुत्रा होताच!

मग आले ते पिवळे डाग. त्यांचं मूळ युरियात. १८२८ मध्ये व्योलरने बर्लिनच्या प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि गुरू बर्झेलियसला कळवलं, की यासाठी माणसाचं किंवा कुत्र्याचं मूत्रपिंड लागलं नाही!

थोडक्यात, कुत्र्याच्या मूत्रातला आणि खताच्या गोणीतला युरिया एकच. डाग नीट बघा. मध्ये गवत करपलेलं, कडेला मात्र गर्द हिरवं. कडेला नत्र बेताचं पोचलं, मध्ये अति झालं. कुत्री बसून एकाच जागी मुतते म्हणून तिचे डाग ठळक. तिचं मूत्र जास्त 'ॲसिडिक' असतं वगैरे सगळ्या गप्पा.

उपाय सोपा आहे. कार्यक्रम उरकला की लगेच तिथे भरपूर पाणी ओता, आणि त्या कोपऱ्यात वेगळं खत घालू नका. कुत्र्यावर ओरडू तर अजिबात नका. बिचारा खतच घालतोय, फक्त डोस जास्त होतोय :)