कल्पित राज्याचा नकाशा आणि शिक्रापूरचा चौक

पुणे-अहिल्यानगर रस्त्याने वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी अशी गावे मागे टाकत शिक्रापूरला पोहोचले की डाव्या हाताला चाकणचा रस्ता फुटतो आणि उजवीकडे थोड्याच अंतरावर तळेगाव ढमढेरे लागते. दोन मोठे रस्ते मिळतात तेथे वाहन थांबते, वाहन थांबते तेथे हॉटेल उभे राहते आणि हळूहळू बाजारपेठ वाढते. ही गोष्ट कोणालाही ठाऊक असते. तरीही घरी बसून काल्पनिक राज्याचा नकाशा काढणारे बहुतेक हौशी नेमकी तीच विसरतात. त्यांची नगरे जेथे कागद रिकामा उरतो तेथे वसतात.

रोल-प्लेइंग गेम या प्रकाराचा प्रारंभ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने झाला. यात सोंगट्या पटावर सरकवून जिंकणे-हरणे नसते. एक सूत्रधार जग उभे करतो आणि बाकीचे खेळाडू त्या जगातील पात्रे होऊन निर्णय घेतात. रानावनातील प्रवासासाठी या खेळाच्या पहिल्या आवृत्तीने 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या १९७२ च्या दुसऱ्याच एका खेळाचा पट वापरण्यास सांगितले होते. षट्कोनी घरांचा नकाशा या छंदात रुजला तो तेव्हापासून. पुढे प्रत्येक सूत्रधार स्वतःचा नकाशा काढू लागला. महाराष्ट्रातील वाचकाला हे फारसे परके वाटू नये. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर आळीव पेरणारी मुले हेच करीत असतात. फरक इतकाच, की किल्ल्याला सहसा खरा किल्ला नमुना म्हणून असतो.

नकाशा सदोष असला तर बिघडते काय, असा प्रश्न येथे येतो. दिसायला तो सुंदर असला तरी खेळात बिघडते. घाटाने जावे की नदीकाठाने, रात्री निघावे की मुक्काम करावा, हे खेळाडूंनी नकाशा पाहून ठरवायचे असते. नकाशाला आतून अर्थ नसेल तर त्यांचा प्रत्येक निर्णय नाणेफेकीच्या मोलाचा ठरतो आणि दोन-चार बैठकांत खेळातील गोडी संपते.

पाणी कोठून येते?

घरगुती नकाशातील सर्वांत मोठी चूक नद्यांची. एक नदी वाटेत दोन होते, दोन्ही वेगवेगळ्या समुद्रांना मिळतात; कोठे तर एका किनाऱ्यावरून निघून ती दुसऱ्या किनाऱ्याला पोहोचते. शिरूर तालुक्याचा नकाशा समोर ठेवला तरी ही चूक टळेल. भीमा भीमाशंकरला उगम पावते. तुळापूरला तिला इंद्रायणी मिळते, पुढे तळेगाव ढमढेरे परिसरातून येणारी वेळ नदी मिळते, रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा मिळते आणि आणखी खाली घोड. नद्या एकत्र येत जातात. फुटतात त्या बहुधा मुखाजवळ, त्रिभुज प्रदेशात. दुसरी गंमत अशी, की भीमेचा उगम अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे; पण ती त्या समुद्राकडे पाठ फिरवून सुमारे ८६० किलोमीटर वाहते, कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. जवळचा समुद्र कोणता यावर नदीची दिशा ठरत नाही, उतार कोणीकडे आहे यावर ठरते. म्हणून नकाशा सुधारताना प्रथम नद्या पुसाव्यात, डोंगराचा कणा निश्चित करावा आणि मगच पाणी वाहू द्यावे.

त्याच कण्यावर पाऊसही अवलंबून असतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याला सुमारे सातशे. शिरूरचा पूर्व भाग तर अवर्षणप्रवण मानला जातो. म्हणजे समुद्राकडून वारे येत असतील तर डोंगराच्या अलीकडे दाट अरण्य आणि पलीकडे माळरान, हे आपोआप ठरते. जादूच्या जोरावर अपवाद करता येतो, परंतु तो अपवाद आहे हे सूत्रधाराला माहीत असावे. माणसाच्या हातानेही अपवाद होतो. चासकमान धरणाचे पाणी कालव्याने शिरूर तालुक्यात आले आणि बाजरीच्या पट्ट्यात ऊस दिसू लागला. कल्पित राज्यात असा एखादा कालवा दाखवला, तर तो कोणी बांधला, कोणाच्या शेतात पाणी पोहोचले आणि कोणाचे शिवार कोरडे राहिले, एवढ्यावर वर्षभराचे कथानक निघते.

अंतराचा हिशेब

दुसरा दोष प्रमाणाचा. नकाशाच्या कोपऱ्यात मापपट्टी काढलेली असते, पण तिचा उपयोग कोणी करीत नाही. या खेळांत रूढ झालेला षट्कोन सहा मैलांचा, म्हणजे जेमतेम दहा किलोमीटरचा. पुण्याहून शिरूर साधारण ६७ किलोमीटर, म्हणजे सात घरे. पायी चालणाऱ्यास दिवसाला अडीच-तीन घरे पुरेत. सामानाच्या गाड्या असतील तर त्याहून कमी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली ती रात्रभर सुमारे २५ मैल चालून सकाळी कोरेगावला पोहोचली. चारच घरे, पण त्यासाठी सारी रात्र गेली. ती लढाई ज्या गावात झाली ते भीमेच्या काठावरच आहे. तरीही गावात अडकलेल्या त्या सैनिकांना बराच वेळ पाण्यापर्यंत जाता आले नाही, कारण वाट अडवलेली होती. नकाशावरील निळी रेघ आणि प्यायचे पाणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उतार, पायऱ्या, गढी, काठावरची दरड यांपैकी काय मध्ये येते हे सूत्रधाराने टिपून ठेवलेले बरे.

गावांमधील अंतरालाही कारण लागते. सकाळी माल घेऊन निघालेला शेतकरी आठवडे बाजार करून दिवेलागणीस घरी परतू शकेल, एवढ्या टप्प्यात बाजाराचे गाव असते. पाच षट्कोन मोकळे माळरान आणि मग एकदम लाखभर वस्तीची राजधानी, असे नकाशे पुष्कळ दिसतात. त्या राजधानीला धान्य कोण पुरवते, हे विचारले की चूक उघडी पडते.

नावे आणि थर

नावांच्या बाबतीत तर शिरूर तालुका हे पाठ्यपुस्तकच म्हणावे. एकाच तालुक्यात रांजणगाव गणपती आणि रांजणगाव सांडस. तळेगाव ढमढेरे येथे, तळेगाव दाभाडे मावळात. दोन्ही गावांना घराण्यांनी ओळख दिली. कोरेगावला नदीचे नाव जोडावे लागले. खुद्द शिरूर जुन्या लोकांच्या तोंडी घोडनदी आहे. याउलट हौशी नकाशात प्रत्येक गावाचे नाव अद्वितीय, भारदस्त आणि उच्चारायला अवघड असते. एकाच नावाची दोन गावे ठेवून पहा. निरोप्या चुकीच्या गावी पोहोचला, एवढ्यावर एक बैठक रंगते.

जागेला इतिहासाचे थर असावे लागतात आणि ते एकमेकांशी फटकून वागले तरी चालते. शिरूरला १८०९ मध्ये मरण पावलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. पुढे परिसरातील लोक त्यांना 'सत्पुरुष' मानू लागले आणि सुगीच्या वेळी तेथे नैवेद्य दाखवू लागले, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. परक्या लष्करातील सेनानी गावचा राखणदार होतो, अशी कल्पना खेळात कोणी लढवली असती तर ओढूनताणून आणलेली वाटली असती.

कागदावर उतरवताना

सरावासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे उत्तम. जुन्या क्रमांकपद्धतीत शिक्रापूर '४७ जे/२' या पत्रकात येते. पाणी निळे, समोच्चरेषा तपकिरी, झाडी हिरवी, शेतजमीन पिवळी, हा रंगांचा संकेत घरच्या नकाशातही पाळावा. पाहणाऱ्याला सूची शोधावी लागत नाही. पत्रकावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त नद्या आणि उंचवटे उतरवावेत, कागद उलटा करावा आणि त्यावर नवे राज्य वसवावे, ही युक्ती नवख्यांना फार उपयोगी पडते. मात्र आरशातल्या त्या प्रदेशात समुद्राची बाजूही बदलते, तेव्हा वाऱ्याची दिशा बदलायला विसरू नये.

नकाशाच्या दोन प्रती असाव्यात. सूत्रधाराच्या प्रतीत सारे काही. खेळाडूंच्या प्रतीत मोजकेच, आणि तेही कोण्या व्यापाऱ्याने किंवा यात्रेकरूने सांगितल्याप्रमाणे, थोडे चुकीचे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८१ मध्ये एका बेटाचा नकाशा काढला, त्यातून 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी जन्मली. पण प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा हरवला आणि त्याला कादंबरीतील उल्लेख ताडून तो पुन्हा काढावा लागला. स्कॅन करून एक प्रत संगणकात ठेवण्याचा सल्ला त्यामुळे अनाठायी नाही.

राहिली अक्षरे. इंग्रजी नकाशांत डोंगररांगेचे नाव अक्षरे सुटी करून लांबवर पसरवतात. संगणकावर देवनागरीत तसे करू गेल्यास शिरोरेषा तुटते, जोडाक्षरांचे तुकडे पडतात आणि 'सह्याद्री' ओळखू येत नाही. अशा वेळी नाव सलग ठेवून रांगेच्या वळणाबरोबर वाकवावे, लांब रांग असेल तर दोन ठिकाणी लिहावे. इंकस्केप या मोफत प्रणालीत हे करता येते. बोरू किंवा कट निबचे पेन हाताशी असेल तर संगणकापेक्षा हाताने लिहिलेलेच अधिक सुबक दिसते.