हृदयविकाराच्या झटक्यानंतरची दिनचर्या : शय्येपासून पुनर्वसनापर्यंत

वैद्यकाच्या इतिहासात रोगाच्या शोधाला जे स्थान मिळते, ते रोगातून उठण्याच्या रीतीला सहसा मिळत नाही. निदानाची साधने, औषधे व शस्त्रक्रिया यांचा क्रम ग्रंथांत तपशिलाने नोंदलेला असतो. पण वाचलेल्या रोग्याने पुढे किती दिवस निजावे, केव्हा उठावे, काय खावे आणि आपल्या उद्योगाला केव्हा लागावे, हा प्रश्न परिचारिकेच्या व घरच्या माणसांच्या कक्षेतला मानून सोडून दिला जातो. हृदयविकाराच्या झटक्याच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. कारण हा झटका बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान, म्हणजे संसाराचा व व्यवसायाचा भार डोक्यावर असतानाच येतो. आणि त्यातून वाचलेल्या माणसाला पुढची दहा-वीस वर्षे कशी काढावयाची, हाच खरा प्रश्न असतो. या प्रश्नाला वैद्यकाने विसाव्या शतकात दिलेली उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. आधी ‘हलू नका’ असे सांगण्यात आले, नंतर ‘उठून बसा’, आणि शेवटी ‘चाला, व आपली राहणीच बदला’.

दीर्घ शय्याविश्रांती ही फार जुनी परंपरा होती, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. छातीतील वेदनेचे अभिजात वर्णन करणारे इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी, रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम ठेवून जवळजवळ बऱ्या झालेल्या एका रोग्याची नोंद केली आहे. डब्लिनचे विल्यम स्टोक्स यांनी १८५४ च्या आपल्या ग्रंथात हृदयाच्या काही विकारांवर क्रमाक्रमाने वाढविलेले चालणे सुचविले होते. आणि म्युनिकचे ओर्टेल यांनी १८८० नंतरच्या दशकात डोंगरउतारावरील आखलेल्या वाटांनी रोग्यांना चालविण्याची पद्धतच रूढ केली. या तिघांच्या काळी हृद्‌रोहिणीतील अडथळ्याचे निदान जिवंत रोग्यात होत नव्हते, हे खरे. तथापि दुबळ्या हृदयाला श्रम अजिबात सोसत नाहीत, असे या परंपरेने मानले नव्हते, एवढे निश्चित.

१९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. पंचावन्न वर्षे वयाचा एक पेढीवाला झटक्यानंतर ५२ तास जगला, या उदाहरणावरून हृद्‌रोहिणी एकाएकी बंद पडली तरी मृत्यू तत्काळ येतोच असे नाही, आणि काही रोगी त्यातून वाचूही शकतात, हे त्यांनी प्रतिपादिले. ‘झटक्यानंतरचे आयुष्य’ ही कल्पनाच या निबंधामुळे शक्य झाली, असे म्हणता येईल. येथे एक लहानसा तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. हेरिक यांनी पूर्ण विश्रांती सांगितली ती काही दिवसांची. दिवसांचे आठवडे पुढच्या पिढीने केले.

लंडनचे सर टॉमस लुइस यांच्या १९३३ च्या पाठ्यग्रंथात रोग्याने सहा ते आठ आठवडे अंथरुणाला खिळून राहावे, रात्रंदिवस परिचारिका ठेवावी आणि रोग्याला स्वतः कोणतीही हालचाल करू देऊ नये, असा दंडक आढळतो. अनेक रुग्णालयांत घास भरविण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सर्व काही इतरांनी करावयाचे असे. या दंडकाला शरीररचनेचा आधार १९३९ मध्ये मिळाला. बॉस्टनच्या मॅलरी, व्हाइट व साल्सेदो-सालगार यांनी ७२ शवविच्छेदनांचा अभ्यास करून हृदयस्नायूच्या मृत भागाच्या जागी घट्ट वण तयार होण्यास किती काळ लागतो, याचे मोजमाप केले. लहान जखमेला सुमारे पाच आठवडे व मोठीला दोन महिन्यांपर्यंत अवधी लागतो, असे त्यांना दिसले. वण पक्का होण्यापूर्वी श्रम झाले तर हृदयाची भिंत फुटेल, ही भीती त्यामुळे शास्त्रशुद्ध ठरली. निरीक्षण अचूक होते. पण जखम भरण्याचा काळ व निजून राहण्याचा काळ हे एकच होत, हे त्या निरीक्षणातून निघत नव्हते. ते गृहीत धरलेले होते. मृत शरीरावरून जिवंत माणसाची दिनचर्या ठरविण्याचा हा प्रकार त्या काळी कोणालाच वावगा वाटला नाही.

त्याची किंमत रोग्यांना चुकवावी लागली. आठवड्यांमागून आठवडे निजून राहिलेल्या रोग्याच्या पायांतील शिरांत रक्त साकळे आणि ती गुठळी फुप्फुसात जाऊन मृत्यू ओढवे. स्नायू गळून जात. हाडांतील चुना कमी होई. आणि आपण आता कायमचे अपंग झालो आहोत, ही भावना मनात घर करी. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयातील सॅम्युएल लेव्हाइन यांना या दंडकाविषयी शंका होती. माणूस आडवा असता पायांतील रक्त छातीकडे येते व हृदयाचा भार उलट वाढतो. बसला असता तो हलका होतो, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी व त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी ८१ रोग्यांना पहिल्या काही दिवसांतच उचलून आरामखुर्चीत बसविले आणि १९५२ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हे रोगी खुर्चीमुळे दगावले नाहीत. त्यांना हुशारीच वाटली. लाउन यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिल्याप्रमाणे रुग्णालयातील कनिष्ठ डॉक्टरांचा या प्रयोगाला कडवा विरोध होता. आज ज्या उपायाला क्रांतिकारक म्हणणेही अतिशयोक्ती वाटेल, तो त्या वेळी अनेकांना अपराध वाटला होता.

वैद्यांच्या वर्तुळातील हा वाद लोकांसमोर आला तो १९५५ साली, दोन राजकारणी पुरुषांच्या आजारामुळे. २ जुलै रोजी अमेरिकन सिनेटमधील बहुमत पक्षाचे नेते लिंडन जॉन्सन यांना व्हर्जिनियात झटका आला. त्यांचे वय ४६ होते. दिवसाला सुमारे साठ सिगारेटी, अवेळी जेवण व अहोरात्र राजकारण, अशी त्यांची राहणी होती. त्यानंतर बारा आठवड्यांनी, २४ सप्टेंबरच्या पहाटे, राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना डेन्व्हर येथे सासुरवाडीच्या घरी झटका आला. ते ६४ वर्षांचे होते. लोकांना प्रथम सांगण्यात आले ते पचनाचा विकार म्हणून; रुग्णालयात त्यांना हलविले ते दुपारी. खाजगी वैद्य हॉवर्ड स्नायडर यांनी आपण निदान आरंभीच केले होते, असे नंतर सांगितले. इतिहासकार क्लॅरन्स लॅस्बी यांनी मात्र १९९७ च्या ग्रंथात कागदपत्रांच्या आधारे ते मूळचेच चुकले होते, असा निष्कर्ष काढला आहे. २६ सप्टेंबरला न्यूयॉर्कचा शेअरबाजार सुमारे साडेसहा टक्क्यांनी कोसळला. त्याच दिवशी बॉस्टनहून आलेले पॉल डडली व्हाइट यांनी वार्ताहरांपुढे हृदयाची रचना, रोगाचे स्वरूप, इतकेच नव्हे तर राष्ट्राध्यक्षांचे शौचदेखील सांगून टाकले. एका राष्ट्राला शरीरशास्त्राचा धडा असा मिळाला.

हे व्हाइट म्हणजे १९३९ च्या शवविच्छेदन-अभ्यासातील सहलेखकच होत. ते स्वतः सायकल चालविणारे व चालण्याचे भोक्ते होते, आणि वाचलेल्या रोग्याने पुन्हा कामाला लागावे, असा त्यांचा आग्रह होता. तरीही आयसेनहॉवर रुग्णालयातून बाहेर पडले ते ११ नोव्हेंबरला, म्हणजे जवळजवळ सात आठवड्यांनी. जॉन्सन पाच आठवड्यांनी. विचार पालटला होता, पण दिनदर्शिका अजून जुन्याच दंडकावर चालत होती. २९ फेब्रुवारी १९५६ रोजी आयसेनहॉवर यांनी पुन्हा निवडणूक लढविण्याचे जाहीर केले, आणि हृदयविकार झालेला माणूस जगातील अत्यंत जबाबदारीचे पद सांभाळू शकतो, हे पुढील पाच वर्षांत सर्वांनी पाहिले. त्यांचा मृत्यू १९६९ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी झाला.

राहणी बदलण्याच्या दृष्टीने मात्र जॉन्सन यांचेच उदाहरण अधिक बोलके आहे. आयसेनहॉवर यांनी सिगारेट १९४९ मध्येच, झटक्याच्या सहा वर्षे आधी, सोडली होती. जॉन्सन यांना सर्वच बदलावे लागले. सिगारेट बंद झाली, वजन उतरविले गेले, पत्नीने खाण्याचे मोजमाप हाती घेतले, टेक्सासमधील आपल्या कुरणावर विश्रांती व फिरणे सुरू झाले. १९५६ मध्ये एका मासिकात, या झटक्याने आपल्याला जगावयास शिकविले, अशा आशयाचा लेखही त्यांच्या नावे प्रसिद्ध झाला. १९६५ मध्ये सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना छापणे बंधनकारक करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून स्वाक्षरी केली तीही त्यांनीच.

राहणीवर एवढा भर याच सुमारास का आला, याचे कारण केवळ या दोन रोग्यांत शोधणे योग्य नव्हे. १९४८ पासून मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम गावात हजारो नागरिकांची पाहणी सुरू होती. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या बसकामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, दुमजली बसच्या जिन्यावरून सतत चढउतार करणाऱ्या वाहकांत (अशा बसेस मुंबईतही १९३७ पासून धावू लागल्या होत्या) हृदयविकाराचे प्रमाण कमी होते, आणि झटका आलाच तर तो कमी घातक ठरे. मॉरिस यांनीच पुढे गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेला अधिक रुंद असल्याचे आढळले. म्हणजे जिना हेच सर्वस्वी कारण, असे म्हणता येईना. आपल्याच सिद्धान्ताची अशी परीक्षा घेणारे संशोधक विरळा.

परंतु या अभ्यासातून उपदेश तयार झाला तेव्हा एक गोष्ट दृष्टीआड झाली. चालकाला आपण होऊन वाहक होता येत नाही. जॉन्सन यांना कुरण होते, आयसेनहॉवर यांना गेटिसबर्गचे शेत होते. कारखान्यातील कामगाराला झटका आला, तर त्याला कामावर परत घ्यावे की नाही, हे मालक ठरवी. आणि भीतीपोटी बहुधा नाहीच असे ठरे. क्लीव्हलंडमध्ये हर्मन हेलरस्टीन यांनी रोग्याची प्रत्यक्ष श्रमक्षमता मोजून त्याला कोणते काम झेपेल, हे सांगण्याची पद्धत विकसित केली. पुनर्वसन म्हणजे केवळ पथ्य नव्हे, तर उदरनिर्वाहाचा हक्क परत मिळविणे होय, हा अर्थ तिच्यात होता. नंतरच्या काळात या अर्थाकडे जेवढे लक्ष हवे होते तेवढे गेले नाही. तेल-तुपाच्या चर्चेने बरीचशी जागा व्यापली.

शय्याविश्रांतीच्या मतावर शेवटचा आघात १९६८ मध्ये झाला. डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले असता त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी याच पाचजणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वार्धक्याने झालेली हानी त्या तीन आठवड्यांच्या हानीपेक्षा कमी भरली.

त्यानंतर वर्षाच्या आतच जॉन्सन सत्तेवरून दूर झाले. जानेवारी १९६९ मध्ये पद सोडल्यावर त्यांनी पुन्हा सिगारेट धरली, वजनही वाढले. एप्रिल १९७२ मध्ये त्यांना दुसरा मोठा झटका आला आणि २२ जानेवारी १९७३ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, ते आपल्या कुरणावर वारले. सुमारे साडेतेरा वर्षे टिकलेला निश्चय काम संपताच सुटला, यावरून त्यांच्या मनोबलाविषयी निर्णय देण्याची घाई करू नये. निश्चयाला ज्या उद्देशाचा टेकू होता, तो उद्देशच उरला नव्हता.

भारतात या प्रश्नाला वयाचे निराळे परिमाण आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासानुसार दक्षिण आशियातील रोग्यांना पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३, तर इतर देशांत ५९ होते. येथील बहुसंख्य रुग्णालयांत पुनर्वसनाची स्वतंत्र सोय नसते; म्हणून अल्प खर्चाचा उपाय या नात्याने योगाची कसोटी पाहण्यात आली. देशातील २४ रुग्णालयांतील ३,९५९ रोग्यांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात इत्यादी घटनांत दोन गटांमध्ये संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक फरक आढळला नाही. योगाच्या गटातील रोग्यांनी आपली प्रकृती अधिक बरी वाटते असे सांगितले, आणि झटक्यापूर्वीच्या आपल्या नित्याच्या व्यवहारांकडे ते दुसऱ्या गटापेक्षा अधिक प्रमाणात परतले होते.